दोन चाकं फुटपाथवर: न घेतलेल्या एका निर्णयाची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका मेलनं करतो.

लीड्सला राहणाऱ्या एका ताईंचा मेल आला होता. पुण्यात वाढलेल्या, आता पाच वर्षं तिकडे आहेत. त्यांना जुळी मुलं आहेत आणि आपला पॉडकास्ट त्या मुलांची बाबागाडी ढकलता ढकलता ऐकतात. जुळ्यांची बाबागाडी म्हणजे शेजारी शेजारी दोन सीटवाली, चांगली रुंद. त्यांची गल्ली विटांच्या जुन्या बैठ्या घरांची, भिंतीला भिंत लागून एका ओळीत. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या आणि जवळजवळ प्रत्येक गाडीची दोन चाकं फुटपाथवर चढवलेली. त्या लिहितात, "नर्सरीपर्यंत दहा मिनिटांची वाट आहे. त्यात चार वेळा मला पोरांची गाडी रस्त्यावर उतरवावी लागते. आणि ही तीच माणसं आहेत जी रात्री दोन वाजता रिकाम्या चौकात लाल सिग्नलला थांबतात. इथे ह्याला कायदाच नाहीये का?"

मी आधी त्यांना उलट लिहिणार होतो की असं कसं असेल, कायदा असणारच. मग शोधायला बसलो आणि थक्क झालो. लंडनमध्ये कायदा आहे, १९७४ पासून. स्कॉटलंडमध्ये आहे, अगदी अलीकडे आला. पण लीड्समध्ये, म्हणजे लंडन सोडून बाकीच्या इंग्लंडमध्ये, फुटपाथवर गाडी उभी करायला सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. आणि गंमत बघा, ताई जिथून गेल्या त्या पुण्यात आहे! भारतभर आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ. आधी लीड्सच्या त्या गल्लीत ही वेळ कशी आली ते बघू, कारण ही गोष्ट मोटारीच्या बऱ्याच आधी सुरू होते.

अठराव्या शतकाच्या मध्यावरचं लंडन डोळ्यांसमोर आणा. रस्त्याला आज आपण म्हणतो तसा उंच फुटपाथ बहुतेक ठिकाणी नव्हताच. मोठ्या रस्त्यांवर कडेनं लाकडी खांब रोवलेले असायचे. खांबांच्या आत माणसं आणि बाहेर घोडागाड्या, अशी साधारण वाटणी. आपापल्या घरासमोरचा तुकडा ज्यानं त्यानं फरसबंद करायचा. त्यामुळे एका घरासमोर चांगला दगड, पुढच्या घरासमोर चिखल, त्याच्या पुढे खड्डा. वरून सांडपाणी, बाजूनं चाकांचा चिखल. म्हणून भिंतीकडची बाजू ही सगळ्यात सुरक्षित आणि मानाची. समोरासमोर दोघं आले की भिंतीकडची बाजू कोण सोडणार, यावरून शब्दशः मारामाऱ्या व्हायच्या. कोशकार सॅम्युअल जॉन्सन सांगायचे की त्यांच्या आईच्या काळी लंडनमध्ये दोनच प्रकारची माणसं होती, भिंत सोडणारी आणि भिंत बळकावणारी. तरुण जॉन्सन लंडनला जाऊन घरी परतले तेव्हा आईनं विचारलं होतं, तू कुठल्या प्रकारातला?

१७६२ मध्ये वेस्टमिन्स्टरसाठी फरसबंदीचा कायदा झाला. घरमालकाच्या मर्जीवरचं काम काढून घेऊन ते नेमलेल्या मंडळाकडे दिलं, त्यासाठी कर बसवला, आणि हळूहळू सलग, सपाट, रस्त्यापेक्षा उंच असे फुटपाथ आले. कडेला दगड. आपण त्या दगडाकडे कधी बघतही नाही, पण ती वीतभर उंची फार मोठी गोष्ट होती. तिचा अर्थ असा की गाडीवाल्याला ती ओलांडायची तर मुद्दाम ओलांडावी लागेल, चुकून होणार नाही. आणि वरच्या भागात श्रीमंत-गरीब, म्हातारं-कोतारं, सगळे एकाच पातळीवर चालणार.

मग प्रश्न आला उभ्या गाड्यांचा. हो, तेव्हाही! १८१२ मध्ये एक खटला उभा राहिला. लंडनच्या चेरिंग क्रॉस भागात प्रवासी घोडागाड्या गिऱ्हाइकांची वाट बघत पाऊण-पाऊण तास रस्त्यातच थांबायच्या. आपल्याकडे स्टँडबाहेर वडाप भरत उभी असते ना, अगदी तसं. गाडीमालकाचं म्हणणं, प्रवासी घ्यायचे तर थांबावं लागणारच. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी ते मानलं नाही. प्रवासी चढायला-उतरायला लागेल तेवढा वेळ थांबा, पण राजरस्त्याचा कुणी तबेला करू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय. रस्ता जाण्या-येण्यासाठी आहे, वस्तू ठेवण्यासाठी नाही. इंग्लिश कायद्यात हे तत्त्व तेव्हापासून स्पष्ट आहे. गाडी मोटार झाली म्हणून ते कुणी रद्द केलेलं नाही.

त्यानंतर १८३५ चा महामार्ग कायदा. त्याचं ७२ वं कलम आजही लागू आहे, आणि वाचायला मोठी मजा येते. फुटपाथवरून घोडा, गाढव, मेंढरं, डुकरं, गुरं हाकायची नाहीत; कुठल्याही प्रकारची गाडी चालवायची नाही. जनावर बांधून ठेवायचं नाही हेही आहे. सगळं आलं असं वाटतं. पण नीट बघा, गाडीच्या बाबतीत शब्द 'चालवणं' असा आहे. गाडी फुटपाथवर उभी करून ठेवायला बंदी, असं स्पष्ट म्हटलेलं नाही. १८३५ मधल्या माणसाला ते सुचणार तरी कसं? घोडागाडी फुटपाथवर ठेवून घरात झोपायला जाणारा माणूस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. घोडा चारा मागतो, थंडीत कुडकुडतो, चोरीला जातो. त्याला तबेलाच लागतो.

आता या शब्दाचा आजचा परिणाम सांगतो. लीड्सच्या त्या गल्लीत गाडी फुटपाथवर उभी आहे. म्हणजे ती कधीतरी चालवतच वर नेली असणार, उडत तर गेली नाही. म्हणजे गुन्हा झालेला आहे. पण तो चढवताना कुणी पाहिला? पोलिसानं तो क्षण बघायला हवा. रात्री नऊला चढवलेली गाडी सकाळी आठला दिसते ती नुसती बसलेली, आणि बसणं हा गुन्हा नाही. हां, 'अनावश्यक अडथळा' हा वेगळा गुन्हा आहे, पण तो पोलिसांच्या अखत्यारीत, आणि किती अडलं म्हणजे अडथळा याचं माप कुठे लिहिलेलं नाही. पिवळ्या रेघा असतील तर त्यांचा नियम फुटपाथलाही लागू होतो आणि तिथे काउन्सिल, म्हणजे तिकडची महापालिका, दंड करू शकते. रेघा नसलेल्या गल्लीत काउन्सिलचा माणूस बाबागाडी रस्त्यावर उतरताना बघतो आणि पुढे जातो. त्याच्या हातात काही नसतं.

बरं, गल्ल्या. ताईंच्या गल्लीसारखी विटांची घरं इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत मैलोन्‌मैल आहेत. त्यातली पुष्कळशी १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतरची. कॉलरा, टायफॉइड, कोंदट वस्त्या यांवर उपाय म्हणून सरकारनं नमुना उपविधी केले आणि नव्या रस्त्याची रुंदी किमान ३६ फूट ठरवली. तेव्हाच्या मानानं हे भव्य होतं. उजेड यावा, हवा खेळावी, कोळशाची गाडी जावी. त्यातून दोन्ही फुटपाथ वजा केले की मधला रस्ता उरतो सात मीटरच्या आसपास, जुन्या वस्त्यांत त्याहून कमी. घराला मोटारीसाठी जागा नाही, कारण गिरणीकामगार चालत कामावर जायचा.

१९५० मध्ये ब्रिटनमध्ये मोटारी होत्या सुमारे २० लाख. १९६० पर्यंत ५० लाखांच्या घरात, १९७० ला सुमारे १ कोटी. आज तीन कोटींच्या वर. वीस वर्षांत पाचपट झाली ती वाढ कुठे जाऊन बसली? घरासमोर. आणि हे कुणी ठरवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पार्लमेंटमध्ये असा ठराव कधी आला नाही की आजपासून नागरिकांनी आपापली मोटार रात्रभर सार्वजनिक रस्त्यावर ठेवावी. ती ठेवली गेली. शेजाऱ्यानं ठेवली, म्हणून आपण ठेवली. १० जुलै १९५८ ला लंडनच्या ग्रॉव्हनर स्क्वेअरमध्ये देशातलं पहिलं पार्किंग मीटर सुरू झालं आणि १९६० पासून ट्रॅफिक वॉर्डन आले. मीटर आला तो गर्दी आवरायला. पण माझं आपलं मत सांगतो, भाडं घ्यायला लागलात की जागा दिल्याची कबुली झाली. तबेला करू नका म्हणणाऱ्या रस्त्यावर आता तासाच्या हिशोबानं तबेला मिळायला लागला. १९६३ मध्ये कॉलिन ब्युकॅनन यांचा शहरांतल्या वाहतुकीवरचा प्रसिद्ध अहवाल आला, त्यानं सांगितलंच होतं की ही गाडी शहराच्या अंगावर मावणारी नाही. अहवालाचं खूप कौतुक झालं.

आणि मग आलं १९७४. या गोष्टीतलं खरं वळण हेच.

त्या वर्षी दोन कायदे झाले. एक फक्त लंडनपुरता. ग्रेटर लंडन काउन्सिलनं स्वतःच्या अधिकारांच्या कायद्यात १५ वं कलम घालून घेतलं: राजधानीत फुटपाथवर, कडेच्या हिरवळीवर गाडी उभी करायची नाही. एक चाकही नाही. जिथे गल्ली खरंच अरुंद आहे तिथे स्थानिक बरोनं ठराव करून सूट द्यावी आणि तशी पाटी लावावी. ती पाटी आजही दिसते, निळी, तिच्यावर अर्धी फुटपाथवर चढलेली छोटीशी मोटार. म्हणजे नियम बंदीचा आणि परवानगी पाटीवर.

दुसरा कायदा देशभराचा. १९७४ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टचं ७ वं कलम. शहरी रस्त्यांवर फुटपाथ पार्किंगला बंदी, सवलती द्यायचा अधिकार स्थानिक संस्थांना. म्हणजे लंडनच्याच धर्तीवर. पार्लमेंटनं तो मंजूर केला. राणीची सही झाली. फक्त तो लागू होण्यासाठी मंत्र्यांनी पुढची अधिसूचना काढायची होती.

ती निघालीच नाही.

का? कारण सांगितलं गेलं ते असं: प्रत्येक शहराला आपल्या प्रत्येक गल्लीची पाहणी करावी लागेल, कुठे सूट द्यायची ते ठरवावं लागेल, पाट्या लावाव्या लागतील. पैसे कुठून आणायचे? पोलिसांकडे माणसं कुठे आहेत? १९७९ मध्ये सरकारनं अंमलबजावणी बेमुदत पुढे ढकलली. डिसेंबर १९८६ मध्ये परिवहन खात्यानं या 'गैरवापराला' आळा घालण्याविषयी एक चर्चापत्र काढलं. शीर्षकात गैरवापर म्हटलंय, लक्षात घ्या. म्हणजे सरकारच्या मनात चूक-बरोबर याबद्दल शंका नव्हती. पुढे काही झालं नाही. आणि ते न वापरलेलं कलम कालांतरानं कायद्याच्या पुस्तकातून निघूनही गेलं. जड ट्रकना तेवढी बंदी आहे, साडेसात टनांच्या वरच्या.

इथे जरा थांबू. पाहणीचं काम फार मोठं, म्हणून पुढे ढकललं. पण ढकललेल्या प्रत्येक वर्षी गाड्या वाढत होत्या, फुटपाथवर चढणाऱ्या गल्ल्या वाढत होत्या. म्हणजे पाहणीचं काम दर वर्षी आणखी मोठं होत होतं! १९७५ मध्ये ज्याला चाकं खाली उतरवायला सांगितलं असतं तो कुरकुरत उतरवणार होता. वीस वर्षांनी त्याच्या मुलाला सांगायला गेलात तर तो म्हणणार, माझ्या वडिलांपासून इथे अशीच लावतो. आमची जागाच आहे ती. कायदा न लागू केल्यानं सवय तयार झाली आणि सवय हेच कायदा लागू न करण्याचं कारण झालं.

लंडनचं वेगळं कसं झालं मग? एक तर तिथला कायदा लागू झाला. पण नुसता कागद पुरेसा नव्हता. १९९१ च्या कायद्यानं लंडनमधलं बरंचसं बेकायदा पार्किंग फौजदारी गुन्ह्यातून काढलं आणि दंड करायचा अधिकार बरोंना दिला. पोलीस चोर पकडतील, पार्किंगचे दंड बरोची माणसं करतील, आणि दंडाच्या पैशातून यंत्रणा चालेल. कायद्याला हात मिळाले. आज लंडनमध्ये फुटपाथवर चाक चढवलंत तर दंड शंभर पौंडांच्या वर जाऊ शकतो. बाकीच्या देशातून लंडनला आलेला माणूस आपल्या गावच्या सवयीनं दोन चाकं वर घेतो आणि काचेवरचा कागद बघून भडकतो. एकाच देशात, एकाच भाषेत, हद्द ओलांडली की शिष्टाचाराचा गुन्हा होतो.

शिष्टाचार हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण आता दुसरी बाजू ऐका, आणि ती फालतू नाही. ताईंच्या शेजारी एक काका राहतात, निवृत्त, एकटे. जुळी झाली तेव्हा त्यांच्या मुलीनं विणलेली दोन टोपडी घेऊन आले होते. फुटपाथवरच्या गाड्यांतली एक त्यांची. ताईंनी एकदा भीत भीत विषय काढला, तर ते म्हणाले, अहो पोरी, ही चाकं मी तुमच्यासाठीच वर घेतो. सगळ्यांनी चारही चाकं खाली ठेवली तर ॲम्ब्युलन्स आत कशी येणार?

हिशोब करून बघा. सात मीटरचा रस्ता. १९५९ ची मूळची मिनी १.४१ मीटर रुंद होती. दोन्ही बाजूंना मिनी लावल्या तरी मध्ये चार मीटरच्या वर उरायचे. आजची मिनी, नावाला मिनी, १.७ च्या वर आहे, आणि बाकीच्या मोठ्या गाड्या आरसे धरून दोन मीटरपर्यंत जातात. दोन्हीकडे लावल्या तर उरतात जेमतेम तीन मीटर. नव्या बांधकामाच्या नियमांत अग्निशमन बंबासाठी रस्ता ३.७ मीटर धरतात. म्हणजे काका खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांच्या हिशोबात एक गृहीत आहे, की दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असणारच. एका बाजूला लावू नये, हा पर्याय त्या गल्लीत कुणाच्या मनातच येत नाही. गाड्यांची जागा ठरलेली, बंबाची जागा ठरलेली, आणि कमी पडेल ते चालणाऱ्याच्या वाट्यातून घ्यायचं.

चालणाऱ्यांत सगळे ताईंसारखे धडधाकट नसतात. अंध माणसांसोबतचे मार्गदर्शक कुत्रे तुम्ही पाहिले असतील. फुटपाथ गाडीनं पूर्ण अडलेला असेल तर काय करायचं, याचं त्या कुत्र्याला खास प्रशिक्षण असतं. तो मालकाला कडेच्या दगडापाशी नेऊन थांबतो. मग मालकानं कान देऊन ऐकायचं, वाहन येत नाहीये ना. मग आज्ञा द्यायची, खाली उतरायचं, गाडीला वळसा घालायचा, परत वर चढायचं. आता विजेच्या गाड्या आल्या, त्यांचा हळू चालताना आवाज अगदी कमी. म्हणजे ऐकायचं तरी काय? अंधांसाठी काम करणारी 'गाइड डॉग्ज' ही संस्था आणि चालणाऱ्यांची 'लिव्हिंग स्ट्रीट्स', जी १९२९ मध्ये पादचारी संघ म्हणून सुरू झाली होती, या दोघांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरलाय. चाकाच्या खुर्चीवाल्याला तर उतरताही येत नाही. सपाट उतार सापडेपर्यंत मागे जायचं. काही जण मग घराबाहेर पडणंच सोडतात, आणि ते कुणाच्या मोजणीत येत नाहीत.

शिवाय फरशा फुटतात. त्या माणसाच्या पायासाठी घातलेल्या असतात, दीड टनाच्या गाडीसाठी नव्हे. फुटलेल्या फरशीला अडखळून आजी पडल्या की भरपाईचा दावा काउन्सिलवर. फरशी फोडली कुणी, ते काकांनाही माहीत नसतं.

राजकारणाचं पुढचं भराभर सांगतो, कारण त्यात तेच ते आहे. २०१५ मध्ये खासदार सायमन होअर यांनी खासगी विधेयक आणलं. सरकारनं म्हटलं आम्ही सगळ्यांना बोलावून बैठक घेतो, त्यांनी विधेयक मागे घेतलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पार्लमेंटच्या परिवहन समितीनं सरळ शिफारस केली, लंडनसारखी बंदी सगळ्या इंग्लंडला लागू करा. २०२० मध्ये सरकारनं लोकांची मतं मागवली, तीन पर्याय ठेवून: आहे तीच पद्धत थोडी सोपी करायची, की 'अनावश्यक अडथळ्या'ला दंड करायचा अधिकार काउन्सिलना द्यायचा, की सरसकट बंदी. पंधरा हजारांच्या वर उत्तरं आली. मग शांतता. २०२४ ची निवडणूक आली आणि गेली, तोवर सरकारचं उत्तर आलेलं नव्हतं. २०१९ च्या त्या समितीच्या अध्यक्ष होत्या लिलियन ग्रीनवूड. २०२४ मध्ये त्या स्वतः परिवहन खात्यात मंत्री झाल्या. आपल्याच अहवालाला उत्तर द्यायची पाळी त्यांच्या खात्यावर आली.

स्कॉटलंडनं मात्र करून दाखवलं. तिथेही आधी एकामागून एक प्रयत्न बारगळले होते. शेवटी २०१९ च्या परिवहन कायद्यात फुटपाथ पार्किंगला बंदी आली, अंमलबजावणीचे नियम डिसेंबर २०२३ मध्ये लागू झाले, आणि २९ जानेवारी २०२४ पासून एडिंबरानं सगळ्यात आधी दंड सुरू केले. १०० पौंड, चौदा दिवसांत भरलात तर ५०. सूट द्यायची असेल तर चालायला किमान दीड मीटर मोकळं राहिलं पाहिजे. दीड मीटर म्हणजे ताईंची बाबागाडी आणि समोरून येणारी आजी, दोघी जातील.

आणि एक देश असा आहे ज्यानं हा प्रश्न वाढायच्या आधीच निर्णय घेतला. जपान. १९६२ चा कायदा: मोटार घ्यायची तर ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे हे दाखवा. आधी घरापासून ५०० मीटरच्या आत, नंतर ते २ किलोमीटर केलं. पोलिसांकडून तसं प्रमाणपत्र घ्यायचं. तेव्हा जपानमध्ये मोटारी फार थोड्या होत्या, म्हणून विरोध करायलाही फार कुणी नव्हतं. वेळ साधली, एवढंच.

आता आपल्याकडे. ताईंना मी जे कळवलं ते तुम्हालाही सांगतो. आपल्या रस्त्यावरच्या नियमांत, २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या 'रूल्स ऑफ द रोड'पासूनच, गाडी कुठे उभी करायची नाही याची यादी आहे आणि तिच्यात 'फुटपाथवर' असं स्वच्छ लिहिलंय. इंग्लंडला दीडशे वर्षांत जो शब्द सापडला नाही तो आपल्या नियमात आहे. वाचून मला हसावं की रडावं कळेना. ज्या नियमाची तिकडे लोक पन्नास वर्षं वाट बघतायत तो आपल्याकडे तीस वर्षांहून जास्त काळ पडून आहे, आणि आमच्या कोपऱ्यावर फुटपाथवर सात बुलेट आणि एक इनोव्हा आहे.

फुटपाथ कुणाचा, यावर आपल्याकडचा सगळ्यात मोठा निकाल मोटारींवरचा नाहीच. जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवायचा हुकूम दिला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारे काही जण कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, सरन्यायाधीश होते पुण्याचेच यशवंतराव चंद्रचूड. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या निकालानं मानलं, म्हणून तो जगभर शिकवला जातो. पण त्याच निकालात हेही आहे की फुटपाथ हे चालणाऱ्यांच्या सोयीसाठी आहेत, ते खासगी कामासाठी अडवायचा हक्क कुणाला नाही, आणि महापालिका ती अतिक्रमणं काढू शकते. फक्त नोटीस द्या आणि पावसाळा संपू द्या. म्हणजे एलनबरोंचंच तत्त्व, मुंबईत आलेलं. ते लागू झालं झोपडीला. मोटारीला लागू करायला कुणी बंदोबस्त घेऊन आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मे २०२५ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं पुन्हा सांगितलं की चालण्यायोग्य फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या हक्काचा भाग आहे. त्याच सुमारास आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केलं की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी नको. जपानचंच सूत्र. पण जपाननं ते केलं तेव्हा गाड्या यायच्या होत्या. आपल्याकडे त्या येऊन बसल्यात.

हे सगळं मी ताईंना लिहून पाठवलं. आठवड्यानं त्यांचं उत्तर आलं. म्हणाल्या, वाचून दाखवलं काकांना, भाषांतर करून. एलनबरोंच्या तबेल्यावर ते खूप हसले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली गाडी चारही चाकं खाली ठेवून लावायला सुरुवात केली. तिथे आता बाबागाडी फुटपाथवरून आरामात जाते, त्यामुळे चार वेळाऐवजी तीनदा उतरावं लागतं.

तिसऱ्या दिवशी काकांच्या काचेवर कुणीतरी एक चिठ्ठी लावून गेलं होतं, नाव न घालता: कृपया गाडी नीट लावा, तुमच्यामुळे रस्ता अडतोय.